झाकली मूठ सव्वा लाख डॉलरची

गिटारवाल्यांच्या जगात दोन पंथ आहेत. एकाच्या मते आवाज म्हणजे ब्रिटिश अ‍ॅम्प: मार्शल, व्हॉक्स, हायवॅट. बाकी सगळं पाणी. दुसऱ्याच्या मते तो कारखान्याचा माल झाला. अस्सल टोन हवा असेल तर अमेरिकेतल्या कुणा अवलियाने आपल्या गॅरेजमध्ये हाताने डाग मारून बनवलेला बुटीक अ‍ॅम्पच हवा. भांडण तीस-चाळीस वर्षं चालू आहे आणि दोन्हीकडचे वीर अजून दमलेले नाहीत.

दमतील कसे? रियाज सोडून बाकी सगळ्याला त्यांच्याकडे वेळ आहे.

वादात पडण्याआधी एक अडचण सांगून टाकू. ज्याला ब्रिटिश आवाज म्हणतात, तो मुळात ब्रिटिश नव्हता. लंडनच्या हॅनवेल भागात अक्सब्रिज रोडवर जिम मार्शल या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. सुरू झालं १९६० साली. पुढे रॉकमध्ये गाजलेले पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर ही तिथे येणारी पोरं. पोरांना हवा होता अमेरिकन फेंडर. फेंडर इंग्लंडात मिळत होता. पण भाव ऐकला की पोरं नुसती काचेतून बघून घरी जायची.

मग मार्शलने काय केलं? संशोधन? छे! फेंडरचा 'बेसमन' समोर ठेवला आणि दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन व ईएमआयमधला जेमतेम अठरा वर्षांचा उमेदवार डडली क्रेव्हन यांना कामाला लावलं. सर्किट जवळपास जसंच्या तसं उतरवून घेतलं. १९६२ मध्ये जेटीएम ४५ तयार. पहिल्याच दिवशी २३ मागण्या आल्या, असं मार्शल पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

कॉपी करून पहिला नंबर काढणारा विद्यार्थी आपल्याला नवा नाही. पण त्याच्या नावाने घराणं निघालेलं बघायला मिळालं ते इथेच.

बरं, उतरवला तो अ‍ॅम्प तरी गिटारचा होता का? नाही. बेसमन बनवला होता बेस गिटारसाठी. रॉकच्या इतिहासातला सर्वांत पूजला गेलेला गिटारचा आवाज दुसऱ्याच वाद्याच्या खोक्यातून आला आहे.

म्हणे शुद्धता!

मग मार्शल फेंडरपेक्षा वेगळा का वाजला? प्रतिभेमुळे? मिळेल त्या मालामुळे. बेसमनची पेटी मागून उघडी, आत दहा इंची चार जेन्सन स्पीकर. लंडनला जेन्सन कुठून आणणार? तिथे बारा इंची सेलेस्टियन मिळत. ते बिचारे एकेक पंधरा वॅटचे. दोन लावले तर फाटत, म्हणून चार लावले. पेटी मागून बंद केली. पहिल्या टप्प्यात फेंडरच्या सौम्य व्हॉल्व्हऐवजी जास्त गेनचा ईसीसी८३ बसवला. शेवटच्या टप्प्यात अमेरिकन व्हॉल्व्ह महाग पडू लागले तसे केटी६६ आले आणि पुढे ईएल३४.

आज ज्या गुरगुरीवर पानंच्या पानं खरडली जातात, ती त्या वेळच्या दुकानदाराची काटकसर होती.

आता बुटीकवाल्यांनी कान इकडे द्यावेत. दुकानामागची छोटी जागा. तीन-चार माणसं. हाताने जोडलेलं एकेक खोकं. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगणार, 'अजून जरा रेटा हवा', आणि कारागीर तिथल्या तिथे बदल करणार. बुटीक म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

म्हणजे पहिला मार्शल हाच पहिला बुटीक अ‍ॅम्प. संपला वाद!

पण वाद संपला तर विकायचं काय?

आता व्हॉक्सकडे वळू. केंटमधल्या डार्टफर्ड गावात टॉम जेनिंग्जचा कारखाना आणि डिक डेनी हा त्याचा रचनाकार. १९५८ मध्ये एसी १५, त्यानंतर लवकरच एसी ३०. शॅडोज वाजवू लागले, मग बीटल्स. याचा आवाज घंटीसारखा किणकिणणारा, वर चमक असलेला, असं सगळे म्हणतात. आणि या बाबतीत सगळे बरोबर आहेत.

चुकतात ते पुढच्या वाक्यात. 'कारण तो क्लास ए आहे ना!' असं एक वाक्य या जगात हमखास ऐकू येतं. जाहिरातीतही सर्रास छापलं जातं. क्लास ए म्हणजे व्हॉल्व्ह चालवण्याची एक पद्धत. एसी ३० चं सर्किट उघडून बघणारे अभियंते मात्र सांगतात, की तो जोरात वाजवला की क्लास एबी होतो. त्याची किणकिण येते ती ईएल८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नसणं आणि ते निळे सेलेस्टियन स्पीकर यांच्यातून.

पण एवढं सगळं टी-शर्टवर मावत नाही. क्लास ए मावतं.

बीटल्सचा विषय निघालाच आहे तर १५ ऑगस्ट १९६५ ची आठवण काढू. न्यूयॉर्कचं शी स्टेडियम, पंचावन्न हजारांहून जास्त माणसं, आणि व्हॉक्सने खास बनवलेले शंभर वॅटचे अ‍ॅम्प. पोरींच्या किंकाळ्यांपुढे त्या चौघांना स्वतःचंही धड ऐकू येत नव्हतं.

इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या मैफलींपैकी एक. टोन ऐकलेला माणूस : शून्य.

आता नंबरांची गंमत बघा. मार्शलच्या जुन्या मॉडेलांचे नंबर १९५९, १९६२, १९८७ असे आहेत. ही वर्षं नव्हेत, वितरकाच्या कॅटलॉगमधले आकडे आहेत. '१९५९' बाजारात आला १९६५ साली. '१९८७' हाही साठच्या दशकातलाच. तरी 'माझ्याकडे एकोणीसशे एकोणसाठचा मार्शल आहे' म्हणून कॉलर ताठ करणारे भेटतात.

१९५९ साली जिम मार्शल ड्रमच्या शिकवण्या घेत होते.

त्या '१९६२' नंबरच्या कॉम्बोतून एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर जो अल्बम वाजवला, त्यावर अर्ध्या टोन-धर्माची स्थापना झाली. डेक्काच्या स्टुडिओत पोराने अ‍ॅम्प स्टेजवर ठेवतात तेवढ्या मोठ्याने ठेवला. आवाज कमी कर म्हटलं, तर केला नाही. माइक लांब न्यावा लागला. आजचे भक्त तोच कॉम्बो, तीच लेस पॉल गिटार, तसेच स्पीकर जमवतात; आणि शेजारी कावतील म्हणून आवाज दोनवर ठेवतात.

सगळं साहित्य आणलं. हट्ट तेवढा आणायचा राहिला. तो फुकट होता.

आता अटलांटिक ओलांडू. साठच्या दशकात लंडनने अमेरिकेची नक्कल केली होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने लंडनची नक्कल सुरू केली. पूर्वी अ‍ॅम्पेग कंपनीत नोकरी केलेला केन फिशर न्यू जर्सीतल्या घरी बसून 'ट्रेनरेक' नावाचे अ‍ॅम्प बनवू लागला. एकाचं नाव एक्सप्रेस, एकाचं रॉकेट, एकाचं चक्क लिव्हरपूल. एक्सप्रेसची मुळं मार्शलच्या अंगणात, रॉकेटची व्हॉक्सच्या. प्रत्येक नगाला क्रमांकाऐवजी बाईचं नाव. फिशर २००६ मध्ये गेला. माणूस अफाट कानाचा होता, यात वाद नाही.

पण हिशेब मांडा. अमेरिकन अ‍ॅम्पची ब्रिटिश नक्कल, त्या नकलेची अमेरिकन सुधारणा, आणि आता त्या सुधारणेचे 'ट्रेनरेक-छाप' क्लोन. नकलेची नक्कल करून तिची नक्कल, आणि दर टप्प्याला किंमत वर.

आपल्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स फिकी पडते. इथे महाग होते.

१९८९ मध्ये लॉस एंजलिसला मॅचलेस कंपनी निघाली. त्यांनी निदान आडपडदा ठेवला नाही. एसी ३० चा आवाज आवडतो, पण दौऱ्यावर तो तापतो, कुरकुरतो, मान टाकतो. तेव्हा तोच आवाज देणारा, पण रणगाड्यासारखा टिकणारा अ‍ॅम्प बनवू, हा सरळ विचार. डीसी-३० निघाला. उत्तम निघाला. लोकांनी वाखाणला.

१९९९ मध्ये कंपनी बंद पडली. पुढे पुन्हा उभी राहिली ती गोष्ट वेगळी. पण प्रामाणिकपणाचा भाव बाजाराने तेव्हाच सांगितला होता.

बाजाराला काय आवडतं ते अलेक्झांडर 'हॉवर्ड' डंबलने ओळखलं. कॅलिफोर्नियातला हा माणूस एकेक अ‍ॅम्प एकेका वादकासाठी बनवायचा. आयुष्यभरात केले तीनशेच्या आसपास. गिऱ्हाईक त्याने निवडायचं, गिऱ्हाइकाने त्याला नव्हे. आणि सर्किटच्या महत्त्वाच्या भागावर एपॉक्सीचा काळा लेप, आत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डंबलने ती एपॉक्सीने झाकली, म्हणून ती डॉलरमध्ये गेली. २०२२ च्या जानेवारीत तो गेला. त्याचे अ‍ॅम्प आज एक लाख डॉलरच्या पुढे विकले जातात.

लेप खरवडून बघणारेही निघालेच. आत काय सापडलं? रेझिस्टर. कपॅसिटर. फेंडरच्या खानदानातलं, पण फार विचारपूर्वक बदललेलं सर्किट. परग्रहावरचा एकही भाग नाही.

निराशा झाली म्हणता? मुळीच नाही. क्लोन बनवणाऱ्या कंपन्यांची अख्खी रांग उभी राहिली.

आणि डंबलला हा आवाज सुचला कुठून? गिटारवादक रॉबेन फोर्ड सांगतो, की सत्तरच्या दशकात डंबलने त्याला वाजवताना ऐकलं आणि 'ओव्हरड्राइव्ह स्पेशल' या आपल्या अ‍ॅम्पची प्रेरणा त्यातून घेतली. फोर्ड तेव्हा कशावर वाजवत होता? फेंडर बेसमनवर.

फिरून फिरून बेसमनच! घराणी दोन, आजा एक.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दोन परिच्छेदांत संपतं. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल प्रयोगशाळेत मोजून दाखवलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि टीप कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की दोन्ही भरून येतात. म्हणजे एकच अ‍ॅम्प जरासा मोठ्याने लावला की तो भरदार, खोल, श्रीमंत वाटतो.

आता आठवून बघा. दुकानात दोन अ‍ॅम्पची तुलना करताना महागड्याचं बटण कुणी फिरवलं होतं? विक्रेत्यानेच ना?

अ‍ॅम्पवाल्यांच्या आधी डोळे झाकून निवडायची परीक्षा व्हायोलिनवाल्यांनी दिली आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे गॉगल लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली. त्यात स्ट्रॅडिव्हेरियस होती, ग्वार्नेरी होती. घरी कुठली न्यायला आवडेल, असं विचारलं. २१ पैकी १३ जणांनी नवी उचलली. सर्वांत नावडती ठरलेली व्हायोलिन एक स्ट्रॅडिव्हेरियस होती.

डोळे झाकले की कान उघडतात. दुकानदार डोळे का झाकू देत नाहीत ते आता कळलं?

जुन्या ब्रिटिश अ‍ॅम्पचे भक्त इथे हसू लागले असतील, तर त्यांनी थांबावं. त्यांचंही पितळ उघडं पडायचं आहे. 'प्लेक्सी'सारखा, म्हणजे जुन्या मार्शलसारखा आवाज हवा म्हणतात. कुठल्या प्लेक्सीसारखा? त्या काळच्या रेझिस्टर-कपॅसिटरचं मूल्य दहा-वीस टक्के इकडेतिकडे असायचं. कारखान्यात जो सुटा भाग हाताशी असेल तो बसायचा. एकाच आठवड्यात निघालेले दोन मार्शल एकाच पेटीतल्या हापूससारखे: एक गोड, एक आंबट. त्यावर पन्नास-साठ वर्षांची धूळ, बदललेले व्हॉल्व्ह, सुकलेले कपॅसिटर.

जो आवाज दोन अ‍ॅम्पमध्ये सारखा नव्हता, तो आज 'मूळ आवाज' म्हणून विकला जातो.

एडी व्हॅन हेलनचं उदाहरण घ्या. १९७८ चा पहिला अल्बम, जुना मार्शल, आणि असा आवाज की जगभरच्या पोरांची झोप उडाली. मुलाखतीत गडी म्हणाला, मी अ‍ॅम्पला व्होल्टेज वाढवून देतो. प्रत्यक्षात व्हेरिअ‍ॅक लावून तो व्होल्टेज कमी करत होता. शे-सव्वाशे व्होल्टच्या जागी नव्वदच्या आसपास.

गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवून किती शिष्यांनी आपले ट्रान्सफॉर्मर जाळले, त्याची नोंद कुठे नाही.

आणि ब्रिटिश रॉकचे महामेरू लेड झेपेलिन? १९६९ चा त्यांचा पहिला अल्बम ऐका. मार्शलची भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. जिमी पेजने तो वाजवला फेंडर टेलिकास्टर गिटार आणि सुप्रो नावाच्या अमेरिकन अ‍ॅम्पवर. सुप्रो म्हणजे त्या काळचा स्वस्तातला माल. पुढे १९७० मध्ये क्लॅप्टनने 'लेला'साठी वापरले ते फेंडरचे छोटे चॅम्प. चॅम्प म्हणजे शिकाऊ पोराला बाप घेऊन द्यायचा तो अ‍ॅम्प.

मोठा आवाज मोठ्याच खोक्यातून येतो, हे खोक्यांच्या दुकानदाराने सांगितलेलं आहे.

याहून झणझणीत उदाहरण हवं? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो बडवणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच्या क्वीनमधला गिटारवाला ब्रायन मे. गिटार बापाबरोबर घरी बनवलेली, तीत जुन्या फायरप्लेसचं लाकूड. मागे एसी ३० ची रांग. इथवर ब्रिटिश पंथ खूश.

पण क्वीनच्या रेकॉर्डवर जागोजागी गिटारचा जो बँडबाजा ऐकू येतो, तो वेगळ्याच खोक्यातून आला आहे. बेसवाल्या जॉन डीकनला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात एक सर्किट बोर्ड सापडलं. पोर्टेबल रेडिओतलं. त्याने ते एका लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवलं, बॅटरी जोडली. व्हॉल्व्ह एकही नाही, सगळं ट्रान्झिस्टरवर. 'गुड कंपनी' या गाण्यातला अख्खा जॅझ बँड मेने या 'डीकी'तून काढला.

कचऱ्यातून टोन निघाला म्हटल्यावर भक्तांनी बोध घेतला का? घेतला तर. त्या कचऱ्याची हुबेहूब प्रतिकृती बनवून विकायला काढली.

आता 'अस्सल ब्रिटिश' या लेबलाचं काय झालं तेही बघून घेऊ. व्हॉक्स १९९२ पासून जपानच्या कॉर्गकडे. सेलेस्टियन त्याच वर्षापासून हाँगकाँगच्या उद्योगसमूहाकडे. मार्शल २०२३ मध्ये स्वीडिश कंपनीने घेतली, आणि २०२५ च्या सुरुवातीला चिनी गुंतवणूकदारांनी बहुसंख्य वाटा घेण्याचा करार जाहीर केला. हिशेब १.१ अब्ज युरोचा. हे पैसे काय शंभर वॅटच्या अ‍ॅम्पसाठी मोजले? मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतल्या फळीवर बघा. सोनेरी अक्षरांत मार्शल लिहिलेला ब्लूटूथ स्पीकर दिसेल.

रॉकचा बंडखोर आवाज आता सकाळी भूपाळी लावायच्या कामाला आला.

व्हॉल्व्हचं तर विचारूच नका. इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नला मलार्डचा भलाथोरला कारखाना होता. तो गेला. आज जगातल्या गिटार अ‍ॅम्पचे बहुतेक व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी आणल्याची बातमी आली तेव्हा ब्रिटिश पंथ आणि बुटीक पंथ दोघांच्याही पोटात एकाच वेळी गोळा आला. मलार्ड हे नाव मात्र अजून डब्यावर दिसतं. आतला व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हचा.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काचेचा म्हणा हवं तर.

मग बुटीकमध्ये काहीच नाही का? आहे की. आणि तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्हीही एका पंथाचे ठरू. चांगला कारागीर जाड ट्रान्सफॉर्मर वापरतो, तारा नीट आखतो, घरघर कमी ठेवतो. बोट हलकं लावलं तर आवाज स्वच्छ, जोरात मारलं तर फाटका; हा बोटाखालचा प्रतिसाद काही बुटीक अ‍ॅम्पमध्ये खरोखर सुरेख असतो. फिशरच्या अ‍ॅम्पवर वाजवणारे याचंच गुणगान करतात, आणि ते खोटं नाही.

पण हा फरक वाजवणाऱ्याच्या बोटाला कळतो. ऐकणाऱ्याच्या कानाला नाही. तिकीट काढून येतो तो ऐकणारा.

दुसरा गुण दुरुस्तीचा. हाताने तारा जोडलेला अ‍ॅम्प, मग तो जुना हायवॅट असो की नवा मॅचलेस, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला कुणीही मेकॅनिक उघडून समजून घेऊ शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या पिढीला तर ते हातखंडा काम. एपॉक्सीने लिंपलेल्याचं काय करणार? स्वस्त बोर्डवर यंत्राने जोडलेल्याचं तरी काय करणार?

किंमत विचारण्याआधी 'बिघडला तर कोण उघडणार?' असं विचारा. विक्रेत्याचा चेहरा वाचायला मजा येते.

आपल्या हौशी मंडळींची एक वेगळीच कथा. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाचा भाऊ ह्यूस्टनला. त्याच्याकडून बुटीक अ‍ॅम्प मागवायचा. तो निघाला १२० व्होल्टचा. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. म्हणजे आणखी एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला. त्यावर कस्टम्सवाले. मग तो टू-बीएचकेमध्ये बसवायचा, जिथे रात्री दहानंतर मिक्सर लावला तरी खालचे काका वर येतात.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खुलतो तो आवाज वर चढवल्यावर. शंभर वॅटच्या अ‍ॅम्पचं बटण एकवर ठेवून जो आवाज येतो, तो ना ब्रिटिश ना बुटीक. तो सोसायटीचा आवाज.

उपाय आहेत. आवाज न वाढवता व्हॉल्व्ह तापवायला अ‍ॅटेन्युएटर. पाच वॅटचे छोटे अ‍ॅम्प. आणि संगणकी मॉडेलर, ज्यात डंबल, ट्रेनरेक, प्लेक्सी सगळे एकाच डबीत. त्यातला डंबल खऱ्या डंबलसारखा वाजतो का? बँडमध्ये, ढोलताशाइतक्या जोरकस ड्रमच्या शेजारी, दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर? प्रामाणिकपणे सांगा, कळेल?

'मला कळतं' म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. आता डोळे बांधायला पट्टी घेऊन या.

इथे वरचे दोन्ही पंथ एक होतात. मॉडेलर म्हटलं की दोघांचे ओठ सारखेच मुडपतात. 'त्यात जीव नाही' म्हणतात. जीव कशात होता? १९६२ मध्ये जेटीएम ४५ ऐकून फेंडरवालेही हेच म्हणाले नसतील कशावरून?

आणि हो, महाग अ‍ॅम्प घेतल्यावर माणूस जास्त वाजवतो, हा एक युक्तिवाद असतो. महिनाभर खराच असतो. मग नवा पेडल येतो. मग नवी केबल. मग ऑक्सिजन-मुक्त तांब्याची केबल. मग 'रूमच चांगली नाही' असा शोध लागतो.

नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण आयात केलेलं असलं तरी वाकडंच.

तेव्हा निकाल. सरळ शब्दांत, कुणाची भीड न ठेवता.

ब्रिटिश अ‍ॅम्प आणि बुटीक अ‍ॅम्प यांच्यात फरक आहे, पण बहुतेक वेळा तो एकाच गल्लीतल्या दोन घरांचा आहे. त्याहून मोठा फरक स्पीकर बदलल्याने पडतो. त्याहून मोठा, माइक दोन बोटं सरकवल्याने. आणि सर्वांत मोठा, गिटार दुसऱ्याच्या हातात दिल्याने. स्पीकर बदलायला चार-पाच हजार डॉलर लागत नाहीत. माइक सरकवायला तर काहीच लागत नाही. तिसऱ्या गोष्टीवर इलाज एकच आहे, आणि तो विकायला कुणालाच परवडत नाही.

तरीही घ्यायचाच असेल तर घ्या. हौसेला मोल नसतं आणि पैसे तुमचे आहेत. फक्त एवढं करा. दोन्ही अ‍ॅम्प एकाच स्पीकरच्या पेटीला जोडा. आवाज मोजून सारखा करा. त्यासाठी मोबाइलवरचं फुकटचं डेसिबल मीटर पुरतं. पाठ फिरवून उभे राहा आणि बटण मित्राला फिरवू द्या. जो आवडेल तो घ्या, पाटी नंतर वाचा.

आणि मित्र निवडताना एक काळजी घ्या. त्याला अ‍ॅम्प विकायचा नसावा.